अंदमानात स्कूबा डायव्हिंगची सुट्टी आखताना : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे डायव्हिंगची चौकशी करायला येणारी बरीच मंडळी विमानाची तिकिटे आधीच काढून आलेली असतात. जाण्याचा दिवस ठरलेला, परतीचा दिवस ठरलेला आणि मधल्या चार दिवसांत डायव्हिंग कुठेतरी बसवून द्या, अशी त्यांची अपेक्षा असते. अशा वेळी आम्हाला पुष्कळदा नकार द्यावा लागतो आणि तो देताना मनापासून वाईट वाटते, कारण दोन दिवस इकडचे तिकडे झाले असते तर तीच सहल उत्तम झाली असती. म्हणून आमची विनंती अशी की, डायव्हिंगची सहल परतीच्या विमानापासून उलट मोजत आखावी आणि तिकिटे सर्वांत शेवटी काढावीत. असे का, ते या पत्रकात सविस्तर सांगितले आहे.

परतीचे विमान आणि शेवटची बुडी

पाण्याखाली आपण सिलिंडरमधली जी हवा घेतो, ती त्या खोलीवरच्या दाबाने आपल्या फुप्फुसांत येते. दहा मीटर खोलीवर हा दाब जमिनीवरच्या दुप्पट असतो. वाढलेल्या दाबामुळे हवेतला नायट्रोजन नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात रक्तात आणि स्नायूंत विरघळतो आणि वर आल्यानंतर तो श्वासावाटे हळूहळू, काही तासांत, बाहेर पडतो. तो पुरता बाहेर पडण्याआधीच आपण विमानात बसलो, तर केबिनमधल्या कमी दाबामुळे, सोड्याच्या बाटलीचे बूच उघडल्यावर येतात तसे त्याचे बुडबुडे शरीरातच होऊ शकतात. सांधे दुखणे, अंगावर चट्टे उठणे, हातापायांना मुंग्या येणे इथपासून ते थेट लुळेपणापर्यंत त्याचे परिणाम होऊ शकतात. त्यामुळे एकच बुडी मारली असेल तर विमानाआधी किमान १२ तास आणि सलग काही दिवस बुड्या मारल्या असतील तर किमान १८ तास मध्ये जाऊ द्यावेत, असा सर्वसाधारण दंडक आहे. आम्ही मात्र सर्वांसाठी सरसकट २४ तासांचा नियम ठेवला आहे आणि त्यात कोणालाही सवलत देत नाही.

हेच उदाहरणाने पाहू. समजा, आपले परतीचे विमान रविवारी सकाळी अकरा वाजता आहे. शनिवारी सकाळी बोटीने डायव्हिंगला गेल्यास परत किनाऱ्यावर यायला दुपार होते, म्हणजे २४ तास भरत नाहीत. त्यामुळे शेवटची बुडी शुक्रवारचीच धरावी लागते. शनिवारी स्वराज द्वीपाहून, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकहून, फेरीबोटीने श्रीविजयपुरमला, म्हणजे पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरला यायचे आणि रात्री तिथेच मुक्काम करायचा. खाजगी वेगवान बोटीने हा प्रवास साधारण दीड ते दोन तासांचा आहे आणि सरकारी बोटीला त्याहून जास्त वेळ लागतो. समुद्र खवळला तर फेऱ्या रद्द होतात. एका कुटुंबाने आमचा सल्ला बाजूला ठेवून विमानाच्या दिवशीच सकाळची फेरी धरली होती. वाऱ्यामुळे ती सुटलीच नाही, विमान चुकले आणि चार जणांची नवी तिकिटे ऐन वेळच्या दराने घ्यावी लागली.

बुडी नसलेला हा कोरडा दिवस वाया जातो असे कृपया समजू नये. १९०६ साली बांधून पूर्ण झालेले सेल्युलर जेल याच शहरात आहे आणि १९११ साली सावरकरांना जिथे आणले गेले, त्या कोठडीसमोर उभे राहायचे तर पुढच्या बोटीची घाई नसावी. आम्ही हा दिवस मुद्दाम याच भेटीसाठी मोकळा ठेवतो.

जाता जाता मालवणबद्दलही सांगायला हवे, कारण आमच्या अनेक ग्राहकांनी पहिली बुडी तारकर्ली-मालवणलाच मारलेली असते. सकाळी बुडी आणि दुपारी लगेच गाडी काढून आंबोली घाटाने वर, हा नेहमीचा बेत आहे. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे. उथळ पाण्यातल्या एका छोट्या बुडीनंतर धोका फारसा नसतो हे खरे, तरी तत्त्व विमानाचेच आहे; त्यामुळे त्या रात्री किनाऱ्यावरच मुक्काम करावा, असे आम्ही सुचवतो.

किती दिवस लागतील

शेवट नक्की झाला की मधले दिवस मोजायचे. ज्यांना फक्त अनुभव घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी प्रशिक्षकाच्या सोबतीने मारलेली एक बुडी पुरते. तिची कमाल खोली १२ मीटर असते आणि त्यासाठी पोहता येण्याची अट नसते. आम्ही एका प्रशिक्षकामागे एकच नवखा ग्राहक देतो. यासाठी स्वराज द्वीपावर तीन रात्री आणि श्रीविजयपुरमला दोन रात्री असा पाच रात्रींचा बेत सुटसुटीत होतो. पहिल्याच दिवशी, रात्रभराच्या विमानप्रवासानंतर, पाण्यात उतरू नये.

ज्यांना ‘ओपन वॉटर’ म्हणजे डायव्हिंगचे पहिले प्रमाणपत्र हवे आहे, त्यांना अभ्यासक्रमासाठीच तीन ते चार दिवस लागतात. त्यात लेखी अभ्यास, उथळ पाण्यातला सराव आणि समुद्रातल्या चार बुड्या येतात. शिवाय २०० मीटर न थांबता पोहणे आणि दहा मिनिटे पाण्यावर तरंगणे जमावे लागते. लेखी भाग घरी बसून आधीच पूर्ण करता येतो आणि तसा तो करून यावा, कारण अंदमानातली सकाळ पुस्तकावर घालवण्यासारखी नसते. या प्रमाणपत्रावर १८ मीटरपर्यंत जाता येते आणि ते जगभर चालते. आठ रात्री हाताशी असतील, तर आमच्या मते हाच पर्याय घ्यावा. सोबत घेऊन फिरवलेली बुडी सुंदर असते, पण स्वतःचा तोल स्वतः सांभाळत, हातपाय न हलवता प्रवाळावरून तरंगत जाण्याचे सुख शिकल्यानंतरच मिळते.

अंदमान भारताच्या प्रमाणवेळेच्या रेखेच्या बरेच पूर्वेला असल्याने डिसेंबरात तिथे संध्याकाळी पाचच्या सुमारासच सूर्य मावळतो. त्यामुळे सगळे कामकाज सकाळी लवकर सुरू होते. डायव्हिंगच्या दिवशी संध्याकाळचे काही ठरवू नये. जेवून लवकर झोपावे.

कोणता महिना निवडावा

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात ‘मान्सून अंदमानात दाखल’ ही बातमी आपल्याकडे वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येते आणि शेतकऱ्याला हायसे वाटते. तिथे त्याच बातमीने डायव्हिंगचा हंगाम संपतो. मुलांच्या परीक्षा संपल्यावर मे अखेरीस जाऊ, असे म्हणणाऱ्या पालकांना आम्ही एप्रिलचा दुसरा पंधरवडा सुचवतो. दिवाळीची सुट्टीही बेभरवशाची असते, कारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात वादळे होतात आणि ईशान्य मोसमी पाऊसही असतो. फेब्रुवारी ते एप्रिलच्या मध्यापर्यंत समुद्र सर्वांत शांत आणि पाणी सर्वांत स्वच्छ असते. पाण्याचे तापमान वर्षभर २७ ते ३० अंशांच्या आसपास राहते, तरीही वेटसूट, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख, घालावाच लागतो, कारण हवेच्या मानाने पाणी शरीरातली उष्णता कितीतरी वेगाने ओढून घेते आणि पाऊण तासात कोमट पाण्यातही हुडहुडी भरते.

आपले शरीर आणि आमचा वैद्यकीय अर्ज

तारखा ठरवण्याआधी आम्ही आपल्याला एक वैद्यकीय अर्ज देतो. दमा, हृदयविकार, फिट येणे, कानाची शस्त्रक्रिया, मधुमेह, अलीकडे झालेले कोणतेही ऑपरेशन यांबद्दल त्यात प्रश्न असतात. एकाही प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल, तर आपल्या डॉक्टरांची लेखी संमती आणावी लागते. ‘हो’ लिहिले म्हणजे सहल रद्द झाली, असे मुळीच नाही. पुष्कळांना संमती मिळते आणि ते आनंदाने डायव्हिंग करून येतात. पण भीतीपोटी ‘नाही’ लिहिणे अत्यंत धोक्याचे आहे. तिथे गंभीर प्रसंग ओढवला, तर मोठ्या रुग्णालयात पोहोचण्यासाठी आधी समुद्र ओलांडावा लागतो. गरोदरपणात डायव्हिंग अजिबात करू नये आणि दहा वर्षांखालील मुलांना आम्ही नेत नाही.

सगळ्यात जास्त बुड्या सर्दीमुळे हुकतात. कानाचा पडदा बाहेरच्या दाबाने आत ढकलला जातो, तेव्हा नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हलकेच हवा भरली की घशातून कानाकडे जाणारी नळी उघडते, कानात बारीकसा ‘टक्’ आवाज होतो आणि दडे सुटतात. हे पहिल्या मीटरपासूनच करायचे असते, दुखायला लागल्यावर नाही. बोटीच्या दोरीला धरून नवखी व्यक्ती हातभर खाली येते, थांबते, नाक धरते, प्रशिक्षकाकडे बघून बोटांनी ‘ठीक’ अशी खूण करते आणि मग पुन्हा हातभर खाली जाते. तीन मीटर उतरायला पाच मिनिटे लागली तरी प्रशिक्षक घाई करत नाही. कान सुटत नसेल तर थोडे वर येऊन पुन्हा प्रयत्न करायचा असतो. सर्दीने ही नळी बंद असेल तर कितीही जोर लावून उपयोग होत नाही, उलट पडद्याला इजा होते. सर्दीची गोळी घेऊन उतरणेही चुकीचे आहे, कारण गोळीचा असर पाण्याखाली असतानाच उतरू शकतो. म्हणूनच आम्ही वेळापत्रकात एक जादा सकाळ ठेवतो.

दुसरा नियम याहून महत्त्वाचा आहे. पाण्याखाली श्वास कधीही रोखून धरायचा नाही. दहा मीटरवर फुप्फुसात भरून घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. श्वास चालू असेल तर ती आपोआप बाहेर पडते, रोखला असेल तर फुप्फुसाला इजा करते.

उपवासाच्या दिवशी डायव्हिंग ठेवू नये. एकादशी किंवा चतुर्थी मध्ये येत असेल तर आधी सांगावे, आम्ही दिवस बदलून देतो. पाणी कमी पडलेल्या शरीराला वर सांगितलेल्या नायट्रोजनचा त्रास होण्याची शक्यता वाढते. याच कारणाने आदल्या रात्री मद्य घेऊ नये. सकाळी पोहे किंवा इडली असा हलका नाश्ता पुरेसा होतो. बोट लागत असेल तर गोळीबद्दल डॉक्टरांना निघण्यापूर्वीच विचारावे.

सोबत काय न्यावे

चष्मा असलेल्यांसाठी नंबरचे मास्क मिळतात. आपला नंबर आम्हाला आधी कळवावा. मास्क निवडताना पट्टा न लावता तो नुसता चेहऱ्यावर टेकवून नाकाने किंचित श्वास आत घ्यावा. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला तर मापाचा आहे. भरघोस मिशी असलेल्यांच्या मास्कमध्ये नाकाखालून पाणी शिरते, मिशीची तिथली कड थोडी कातरावी. अंगठ्या, बांगड्या आणि मंगळसूत्र खोलीवर सुरक्षित ठेवावे. पट्ट्यांत अडकून ते तुटल्याचे आणि वाळूत हरवल्याचे आम्ही पाहिले आहे.

प्रवासविम्याच्या साध्या पॉलिसीत डायव्हिंग बहुधा वगळलेले असते. पॉलिसीची प्रत आम्हाला द्यावी, आम्ही ती वाचून सांगतो.

कुठे उतरवले जाते

नवख्यांसाठी स्वराज द्वीपाच्या किनाऱ्यालगतचा निमो रीफ हा भाग आहे. तिथे चालतच पाण्यात शिरता येते आणि काही मीटरवरच अ‍ॅनिमोन या फुलासारख्या दिसणाऱ्या समुद्री प्राण्याच्या हलत्या बोटांत लपणारे, जवळ गेल्यास आपल्यावरच धावून येणारे नारिंगी मासे दिसतात. प्रमाणपत्रधारकांना लाइटहाउस आणि अ‍ॅक्वेरियम नावाच्या बुडीच्या जागांवर नेले जाते. डिक्सन्स पिनॅकल आणि जॉनीज गॉर्ज येथे माशांचे मोठे थवे असतात, पण त्या जागा खोल आणि प्रवाहाच्या आहेत. ३० मीटरची परवानगी देणारा पुढचा अभ्यासक्रम झाल्याशिवाय तिथे जाण्याचा आग्रह धरू नये.

प्रवाळ दगडासारखे दिसले तरी ते जिवंत प्राणी आहेत. २०१० साली पाणी तापल्यामुळे अंदमानातले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले होते आणि त्यातून सावरायला वर्षे लागतात. फिनचा, म्हणजे पायांत घालायच्या वल्ह्यासारख्या पंखाचा, एक फटकारा अनेक वर्षांची वाढ मोडतो. म्हणून तोल सांभाळता येईपर्यंत प्रवाळापासून दूर राहावे आणि कशालाही हात लावू नये. दगडासारखे दिसणारे काही मासे विषारी काट्यांचे असतात. किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडाही पिशवीत टाकू नये. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळाला संरक्षण आहे आणि विमानतळावर सामान तपासले जाते.

आरक्षणासाठी येताना भरलेला वैद्यकीय अर्ज, चष्म्याचा नंबर, विम्याची प्रत आणि छायाचित्र असलेले ओळखपत्र सोबत आणावे. परतीच्या शक्य असलेल्या दोन-तीन तारखा कागदावर लिहून आणाव्यात, म्हणजे तिथून मागे मोजत जाण्याची तारीख आपण समोरासमोर बसून काढू आणि मगच विमानाची तिकिटे काढू.