डॉपेल आणि शॅडू: प्रायॉन प्रथिनाची भावंडे

प्रायॉन म्हटले की गायींचा ‘मॅड काउ’ रोग किंवा मेंढ्यांचा स्क्रेपी आठवतो. परंतु या रोगांच्या मुळाशी असलेले प्रथिन परके नसते. ते निरोगी प्राण्याच्या मज्जापेशींच्या पटलावरही असते आणि त्याची घडी बिघडली तरच घातक ठरते. मग निरोगी शरीरात त्याचे काम काय? या प्रश्नाचा शोध घेताना त्याच्या एका भावंडाचा पत्ता लागला, तो अगदी अनपेक्षित वाटेने.

१९९२ मध्ये झुरिकच्या शास्त्रज्ञांनी प्रायॉन प्रथिनाचे जनुक निकामी केलेले उंदीर तयार केले. ते नीट वाढले आणि पुढे स्क्रेपीची लागणही त्यांना होऊ शकली नाही. १९९६ मध्ये मात्र जपानमधील नागासाकीच्या गटाने तेच जनुक काढून टाकलेल्या उंदरांविषयी वेगळीच माहिती दिली: वय वाढल्यावर हे उंदीर झोकांड्या खाऊ लागत आणि त्यांच्या लहान मेंदूतील पर्किंजे पेशी नष्ट झालेल्या आढळत. जनुक एकच असताना परिणाम इतके वेगळे कसे?

उत्तर १९९९ मध्ये मिळाले. प्रायॉनच्या जनुकाला लागूनच त्याच्याशी साम्य असलेले दुसरे जनुक असून त्यापासून डॉपेल नावाचे प्रथिन तयार होते. नागासाकीच्या प्रयोगात जनुकाचा जो तुकडा कापला गेला, त्यात दोन्ही शेजारी जनुकांचे संदेश वेगळे ठेवणारा संकेतही गेला. परिणामी एरवी प्रौढ मेंदूत जवळजवळ न आढळणारे डॉपेल तेथे भरपूर तयार होऊ लागले आणि त्यानेच पेशींचा घात केला. अशा उंदरांना प्रायॉन प्रथिन परत मिळवून दिले, तेव्हा पेशी वाचल्या. माझ्या मते या साऱ्या कथेतील सर्वांत बोलकी गोष्ट हीच आहे, कारण ज्याला आपण केवळ रोगाचा कारक समजत होतो, तेच प्रथिन येथे रक्षकाच्या भूमिकेत दिसते.

डॉपेलचे खरे स्थान वृषणात आहे. ते नसलेले नर उंदीर वंध्य असतात, कारण त्यांच्या शुक्रजंतूंना अंडपेशीचे आवरण भेदता येत नाही. रचनेत डॉपेल प्रायॉन प्रथिनाच्या घट्ट गुंडाळलेल्या उत्तरार्धासारखे आहे. प्रायॉन प्रथिनातील तांबे धरून ठेवणारा पुनरावृत्त भाग मात्र त्यात नाही. शॅडू हे तिसरे भावंड याउलट लवचिक पूर्वार्धाची आठवण करून देते, मुख्यतः मेंदूत आढळते आणि प्रायॉन रोग झालेल्या उंदरांच्या मेंदूत त्याचे प्रमाण घटते.

झुरिकचे ते ‘निरोगी’ उंदीरही पूर्णपणे निरोगी नव्हते. वय वाढल्यावर त्यांच्या हातापायांतील मज्जातंतूंवरचे मायेलिनचे वेष्टन झिजत असल्याचे २०१० मध्ये दाखवण्यात आले आणि २०१६ मध्ये त्याचे कारणही उलगडले: प्रायॉन प्रथिनाच्या लवचिक शेपटीचा, म्हणजे पूर्वार्धाचा, तुकडा मायेलिन बनवणाऱ्या ‘श्वान’ (Schwann) पेशींवरील एका ग्राहकाला (संदेश टिपणाऱ्या प्रथिनाला) जाऊन भिडतो, आणि त्या संदेशावरच हे वेष्टन टिकून राहते.