मेसेज कोण चोरून वाचतंय का: साताऱ्याच्या शिक्क्यांपासून लिंक्ड डिव्हाइसपर्यंत

सांगलीत कुठल्याही मोबाईलच्या दुकानात जरा वेळ थांबलं की हा प्रश्न कानावर येतोच, "माझे मेसेज दुसरं कुणीतरी वाचतंय असं वाटतंय, जरा बघा की." आणि त्यावरचा तोडगाही ठरलेला, स्टार हॅश २१ हॅश डायल करा, सगळं कळतंय. खरं सांगायचं तर काही कळत नाही. त्या कोडनं दिसतं ते एवढंच की तुमचे कॉल दुसऱ्या नंबरवर वळवलेत का. स्क्रीनवर जी यादी येते तिच्यात कधी कधी एसएमएस हा शब्दही दिसतो आणि माणूस घाबरतो, पण कॉल फॉरवर्डिंगनं तुम्हाला आलेला एसएमएस दुसऱ्याकडं जात नाही, व्हॉट्सॲपचा तर त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

मग हा कोड एवढा का फिरतो? मला वाटतं आपण पाळतीची खूण शोधतो ती कायम मागच्या पिढीच्या जागी शोधतो. चोरून वाचणारे पूर्वीही होते आणि आताही आहेत, बदलत गेली ती खूण कुठं राहते ही जागा. ती कशी सरकत आली हे बघायला आपल्या सातारा-सांगली भागाइतकी चांगली जागा नाही, कारण इथं कागदांवरून एक गादी गेलेली आहे.

शिवकाळातल्या पत्रांच्या शेवटी "मर्यादेयं विराजते" असा छोटा शिक्का असायचा. पत्र इथं संपलं, याच्या खाली कुणी एक ओळ जरी घातली तरी ती आमची नव्हे, असा त्याचा उपयोग. लांब पत्र असलं तर कागदाला कागद चिकटवायचे आणि त्या जोडावर मागच्या बाजूनं शिक्का मारायचा, म्हणजे मधला तुकडा बदलला तर लगेच कळणार. वर लाखेची मोहर असली की लखोटा फोडल्याशिवाय वाचता येत नाही आणि फोडला की दिसतं. आता पत्र नेणाऱ्या जासूदालाच कुणी फितवलं तर या सगळ्याचा काय उपयोग हा भाग वेगळा, पण निदान खूण कुठं बघायची हे वाचणाऱ्याला माहीत होतं.

तरी ती पुरली नाहीच. १८३९ साली इंग्रजांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढलं, त्यात एक मोठा आरोप होता गोव्याच्या पोर्तुगीजांशी गुप्त पत्रव्यवहार केल्याचा. महाराजांच्या बाजूचे लोक म्हणत होते की हे कागदच बनावट आहेत. रंगो बापूजी गुप्ते हीच बाजू मांडायला लंडनला गेले आणि एक तपाहून जास्त काळ तिथं अर्ज, सभा करत राहिले. महाराज काशीला नजरकैदेत होते, तिथंच १८४७ ला गेले. पत्र फुटलं का, फुटलं तर कुणाकडनं, आणि जे पुढं आलं ते खरं तुमचं का, हे तिन्ही प्रश्न त्या प्रकरणात आहेत, आणि आज कुणाच्या चॅटचे स्क्रीनशॉट फिरायला लागले की भांडण याच तीन प्रश्नांवर होतं.

पुढं इंग्रजांनी हे काम कायद्यातच बसवून टाकलं. १८८५ चा तार कायदा आणि १८९८ चा पोस्ट कायदा, दोन्हीत सरकारला सार्वजनिक सुरक्षेच्या नावाखाली तार अडवायची, टपाल फोडायची मुभा. म्हणून १९४२ नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारात टपालावर कुणी विसंबलं नाही, निरोप माणसाकडनं माणसाकडं चालत जायचा, आणि तारा तर उलट तोडल्याच जायच्या. येडे मच्छिंद्र, वाळवा हा तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातला मुलूख, कुंडल औंध संस्थानात, सांगली जिल्हा वेगळा झाला तो नंतर. आपल्याकडचा हा सगळ्यात साधा एन्क्रिप्शनचा, म्हणजे मजकूर कुलूपबंद करायचा, प्रकार म्हणायला हरकत नाही, लिहायचंच नाही. पण त्यालाही भोक होतंच, खबऱ्या. आणि प्रतिसरकारात खबऱ्यांना काय शिक्षा व्हायची ते इथल्या घराघरात अजून सांगतात.

स्वातंत्र्यानंतर इथल्या खासगी बोलण्याचा मोठा भाग गलाईवाल्यांचा होता असं म्हटलं तर चूक होणार नाही. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळकडची माणसं सोनं-चांदी गाळायला पार केरळ, तमिळनाडू, उत्तर प्रदेशापर्यंत पसरलेली, मागं गावात आईबाप, बायको. पोस्टकार्ड आपल्या देशात १८७९ पासून आहे, आणि पोस्टकार्डाला प्रायव्हसी अशी नव्हतीच, पोस्टमन वाचणार, ज्याला वाचता येतं तो शेजारी वाचून दाखवणार, वाटेत दुकानदारानं चाळलं तरी कुणाला त्याचं काही वाटत नसे. गुप्त काही असेल तर बंद पाकीट, आणि पाकीट वाफेवर धरून उघडलेलं असलं तर डिंकाच्या कडेला सुरकुती दिसायची, सासरच्या सुनांना ती सुरकुती बरोबर ओळखू यायची.

मग ट्रंक कॉल आला. नंबर बुक करा, तासन् तास थांबा, ऑपरेटर जोडून देणार, आणि लाइन त्याच्याच हातातनं जात असल्यामुळं त्याला ऐकायचं असेल तर अडवणार कोण. हळदीचे व्यापारी फोनवर भाव सरळ न सांगता ठरलेल्या खुणेनं सांगायचे असं जुनी माणसं सांगतात, ते काय उगाच नाही. फोनमधल्या त्या "खट्" आवाजाची भीतीही याच काळातली, आणि तेव्हा ती खरी होती. एका जोडतारेवर दोन फोन असले आणि आतल्या खोलीत कुणी दुसरा रिसीव्हर उचलला तर लाइनचा दाब पडतो, खट् होतं आणि समोरच्याचा आवाज बारीक होतो. म्हणजे ऐकणारा घरातच आहे हे कानाला कळायचं. पुढं डिजिटल एक्स्चेंज आली आणि तो आवाज संपला, एक्स्चेंजमधून लाइन ऐकली तर तुमच्या कानाला काहीही कळत नाही. पण आजही मोबाईलवर खरखर झाली की लोक म्हणतात फोन टॅप होतोय वाटतं. अहो रेंज नसते, दुसरं काही नाही.

एसटीडी बूथचा काळ थोडक्यात सांगतो. १९८४ ला सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था स्थापन झाली, देशी एक्स्चेंज खेड्यापाड्यात पोचली आणि वडूज असो की जत, पिवळी पाटी दिसायला लागली. काचेच्या दाराआड बोलायचं आणि बाहेर रांग लावून उभं असलेल्यांनी ऐकायचं, हे चालायचंच, पण खरी खूण होती त्या छापील बिलात, तारीख, वेळ, नंबर सगळं त्यावर असायचं. शर्टाच्या खिशात ती चिठ्ठी राहिली आणि घरात रामायण झालं, अशी घरं कमी नाहीत.

सरकारी टॅपिंगला लगाम लागायला १९९६ चा डिसेंबर उजाडावा लागला. पीयूसीएल (नागरी हक्कांसाठी लढणारी संघटना) विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की फोनवरचं बोलणं हा खासगीपणाचा भाग आहे, टॅपिंगचा आदेश गृहसचिव पातळीवरच निघेल, दोन महिन्यांपुरता, वाढवत वाढवत जास्तीत जास्त सहा महिने, आणि समिती तो तपासेल. २०१७ ला पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्कच ठरवला. चांगलंच झालं, पण एक गोष्ट लक्षात घ्या, हे सगळं सरकारविरुद्धचं संरक्षण. आणि मोबाईलच्या दुकानात येणारा माणूस सरकारला घाबरून आलेला नसतो. त्याला संशय असतो नवऱ्याचा, बायकोचा, भावकीतल्या जमिनीच्या भांडणाचा, नाहीतर धंद्यातल्या भागीदाराचा.

या घरगुती पाळतीचा इतिहास वेगळा आहे आणि तो वीसेक वर्षांचाच. सुरुवातीच्या बटणाच्या फोनवर एसएमएस वाचायला फोन हातात घ्यावा लागायचा, दुसरा सोपा मार्ग नव्हता. २००६ च्या सुमाराला फ्लेक्सीस्पाय नावाचं सॉफ्टवेअर उघड विकायला आलं, नवराबायकोचे एसएमएस आणि कॉलची नोंद दुसरीकडं पाठवणारं, आणि एफ-सिक्युअर या फिनलंडच्या कंपनीनं त्याला सरळ ट्रोजन, म्हणजे लपून घुसणारं घातक सॉफ्टवेअर, म्हणून यादीत टाकलं. मग अँड्रॉइड आला आणि असल्या ॲपचं पेव फुटलं, जाहिरात "मुलांवर लक्ष ठेवा" अशी आणि गिऱ्हाईक वेगळंच. २०१४ ला अमेरिकेत स्टेल्थजिनी नावाचं असलंच ॲप विकणाऱ्या कंपनीच्या प्रमुखाला अटक झाली, त्यानं गुन्हा कबूल केला, ५ लाख डॉलर दंड झाला. २०२० ला गुगलनं जोडीदारावर लपून नजर ठेवणारी ॲप प्ले स्टोअरवर बंद केली. त्यामुळं आता अशी ॲप येतात ती बाहेरून, एपीके (प्ले स्टोअरशिवाय ॲप बसवायची) फाइल म्हणून, आणि बसवायला बहुतेक वेळा पाचदहा मिनिटं फोन हातात लागतो आणि लॉक माहीत लागतो. हे दोन्ही कुणाकडं असतं ते प्रत्येकानं आपल्या घरात बघावं.

व्हॉट्सॲपनं एप्रिल २०१६ ला सगळ्यांसाठी एंड टू एंड एन्क्रिप्शन चालू केलं, म्हणजे मेसेज फक्त पाठवणाऱ्याकडं आणि घेणाऱ्याकडंच उघडणार, आणि वाटेत मेसेज वाचायचा मार्ग जवळजवळ बंद झाला. पण त्याच्या आधीच, जानेवारी २०१५ ला, व्हॉट्सॲप वेब आलेलं होतं. तुमचा फोन घ्या, क्यूआर कोड स्कॅन करा, फोन परत जागेवर ठेवा, संपलं, सगळी चॅट त्या कॉम्प्युटरवर. व्हॉट्सॲपचा वेगळा पासवर्ड नाही, ॲप टाकायची गरज नाही, पैसे नाहीत. आता तर एका अकाउंटला चार डिव्हाइस जोडता येतात आणि मूळ फोन बंद असला तरी ती चालतात, फोन १४ दिवस वापरला नाही तर मग तुटतात. कुलूप वाटेवर लागलं आणि चोर उंबऱ्याच्या आत आला, असं झालं हे. गंमत म्हणजे या पाळतीची खूण सगळ्यात उघड आहे आणि तीच कुणी बघत नाही. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये लिंक्ड डिव्हाइस उघडा, कुठलं डिव्हाइस, शेवटचं कधी चाललं, सगळं लिहिलेलं असतं.

पेगाससचं नाव न घेता पुढं जाता येणार नाही. २०१९ ला व्हॉट्सॲपनं सांगितलं की इस्रायलच्या एनएसओ कंपनीच्या या हेरसॉफ्टवेअरनं जगभरातल्या सुमारे १४०० जणांना लक्ष्य केलं, त्यात भारतातलेही होते. २०२१ ला पुन्हा गदारोळ झाला, सुप्रीम कोर्टानं तांत्रिक समिती नेमली, समितीनं तपासलेल्या २९ फोनांपैकी ५ मध्ये मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, सापडलं पण ते पेगाससच हे ठामपणे सांगता आलं नाही. ज्यात लिंकवर बोटही लावावं लागत नाही असल्या पाळतीची खूण सेटिंगमध्ये दिसत नाही, त्याला फोरेन्सिक तपासणीच लागते. पण त्यावेळी चहाच्या टपरीवर प्रत्येकाला वाटायला लागलं की आपल्याही फोनमध्ये पेगासस आहे. ते हत्यार फार महाग, ऊसबिलाच्या वादासाठी कुणी वापरत नाही हो.

आपल्याकडं आता जे खरंच येतं ते व्हॉट्सॲपवर आलेली "लग्नपत्रिका", "आरटीओ चलान", "पीएम किसान" नावाची एपीके फाइल. लग्नसराईत पत्रिका आली तर माणूस उघडणारच की. उघडली, इन्स्टॉल केली, एसएमएस वाचायची परवानगी दिली, की बँकेचा ओटीपी तिकडं. हीसुद्धा मेसेज चोरून वाचायचीच गोष्ट, फक्त वाचणाऱ्याला तुमच्या प्रेमप्रकरणात रस नाही, खात्यात आहे. आणि सुरुवातीच्या त्या कॉल फॉरवर्डिंगचाही एक खरा धोका होता, फोनवर आवाजात येणारा ओटीपी चोरट्याच्या नंबरवर वळायचा. म्हणून दूरसंचार खात्यानं १५ एप्रिल २०२४ पासून कोड डायल करून कॉल वळवायची ती सोय थांबवायला लावली.

मग आज बघायचं कुठं? लिंक्ड डिव्हाइस सांगितलंच. त्यानंतर अँड्रॉइडमध्ये ॲक्सेसिबिलिटी, नोटिफिकेशन ॲक्सेस आणि डिव्हाइस ॲडमिन या तीन जागा, अनोळखी ॲप स्क्रीनवरचं वाचतं ते बहुधा इथूनच परवानगी घेऊन. प्ले प्रोटेक्ट, म्हणजे गुगलची ॲप तपासणारी सोय, बंद केलेलं आढळलं तर ते का बंद आहे हे विचारा, कारण असली ॲप टाकणारा आधी तेच बंद करतो. गुगल अकाउंटला कुठली डिव्हाइस जोडलीत ते बघा, आयफोन असेल तर ॲपल अकाउंटला (पूर्वीचा ॲपल आयडी) कुठली. गुगल मेसेजेसमध्ये पण डिव्हाइस पेअरिंग, म्हणजे दुसरं डिव्हाइस जोडायची सोय, आहे, ते लोक विसरतात. अँड्रॉइडमध्ये वर कोपऱ्यात येणारा हिरवा ठिपका माइक आणि कॅमेऱ्याचा आहे, मेसेज वाचले जाताना तो लागत नाही. फोन गरम होणं, बॅटरी लवकर उतरणं, हे पुरावे नव्हेत, निम्म्या गावाचे फोन उन्हाळ्यात गरमच असतात.

सापडलं तर लगेच उडवायची घाई करू नका, विशेषतः घरात मारहाणीची भीती असेल तर, कारण ॲप काढलं की समोरच्याला त्याच दिवशी कळतं. आधी दुसऱ्या फोननं स्क्रीनचे फोटो काढा, विश्वासाच्या माणसाला सांगा, मग जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात जा. पैसे गेले असतील तर मात्र थांबू नका, १९३० या सायबर हेल्पलाइनला ताबडतोब फोन.

कायदा काय म्हणतो तर मालकाच्या परवानगीशिवाय फोनमध्ये शिरून माहिती काढणं आयटी कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ मध्ये बसतं, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि "बायकोचाच फोन आहे" ही पळवाट त्यात लिहिलेली नाही. पण जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टानं असंही सांगितलं की नवराबायकोपैकी एकानं चोरून रेकॉर्ड केलेलं आपसातलं बोलणं घटस्फोटाच्या खटल्यात पुरावा म्हणून घेता येईल. लगेच लोक म्हणायला लागले, चला, आता नजर ठेवायला मोकळीक. तसं नाही. तिथं रेकॉर्ड करणारा स्वतः त्या बोलण्यात होता. जोडीदाराचे तिसऱ्याच माणसाबरोबरचे मेसेज ॲप टाकून उचलणं हा त्या खटल्यातला मुद्दाच नव्हता.