मासा धापा टाकतो तेव्हा: पाण्यात प्राणवायू कमी की कल्ल्यांना व्हेल्वेट?

खाऱ्या पाण्याच्या टाकीत, प्रवाळांच्या आडोशाने निवांत फिरणारा मासा एखाद्या दिवशी धापा टाकू लागतो. कल्ल्यांची झाकणे भराभर उघडतात आणि मिटतात, तोंड उघडेच राहते, आणि समोर टाकलेल्या खाद्याकडे तो ढुंकूनही पाहत नाही. या एकाच देखाव्यामागे दोन अगदी वेगळी कारणे असू शकतात. पाण्यातला प्राणवायू घटलेला असतो, किंवा पाण्यात प्राणवायू भरपूर असूनही माशाचे कल्ले तो घेऊ शकत नाहीत. दुसऱ्या प्रकारात सर्वांत घातक रोग म्हणजे व्हेल्वेट. मी या दोन्ही कारणांची एकमेकांशी गल्लत केलेली आहे, आणि दुसऱ्या गल्लतीने माझे काही मासे गेले.

माझी दोनशे लिटरची टाकी भंडारा जिल्ह्यातल्या एका गावात, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि रात्री लाईट जाते, म्हणून प्राणवायूचा प्रश्न इथे जरा अधिकच बिकट होतो. मुळात खारे पाणी गोड्या पाण्यापेक्षा कमी प्राणवायू धरते: 25 अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे 8.2 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर समुद्राच्या पाण्यात जेमतेम 6.7. पाणी 30 अंशांवर गेले की हा आकडा 6.2 पर्यंत उतरतो. त्यात रात्रीची भर पडते. दिवसा प्रवाळांच्या अंगातली सूक्ष्म शैवाले प्रकाशात प्राणवायू तयार करतात, पण दिवे मालवल्यावर तीच शैवाले, प्रवाळ, मासे आणि खडकांतले जिवाणू असे सगळेच तो वापरू लागतात, त्यामुळे पहाटे साठा सर्वांत कमी असतो. अशा वेळी वेव्हमेकर (पाणी हलवणारा पंप) आणि स्किमर (फेसावाटे पाण्यातली घाण काढणारे यंत्र) बंद पडले, पाण्यावर तेलकट साय धरली, की पाण्याचा हवेशी संबंध जवळपास तुटतोच.

एका मे महिन्यात पहाटे चारच्या सुमारास नेमके असेच झाले. बॅटरीच्या उजेडात पाहिले, तर दोन्ही क्लाउनफिश, गोबी आणि एरवी कपारीतून बाहेर न येणारा रॉयल ग्रामा असे सगळेच पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून होते. साथ आली या समजुतीने मी औषधाची बाटली हातात घेतली होती. तेवढ्यात तलावावर निघालेले शेजारचे ढिवर काका डोकावले आणि म्हणाले, "भाऊ, पाण्यातला दम गेला जी. औषध कायले?" काकांचे आयुष्य मामा (माजी मालगुजारी) तलावांवर आणि बोड्यांवर, म्हणजे लहान तळ्यांवर गेले आहे. ढगाळ, उमसाच्या दिवसांत पहाटे रोहू-कटला असेच वर येऊन तोंड वासतात, हे त्यांनी शेकडो वेळा पाहिलेले. मी गडव्याने टाकीतले पाणी उचलून हातभर उंचीवरून धार सोडत राहिलो, आणि वीसेक मिनिटांत गोबी पुन्हा वाळूवर जाऊन बसला. त्या पहाटे मी तांब्याचे औषध टाकले असते तर कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळ यांतले काहीच वाचले नसते, कारण या जीवांना तांबे विषासारखे आहे. शिवाय ते खडकांत आणि वाळूत मुरून बसते.

प्राणवायूच्या टंचाईची ओळख या प्रसंगात जवळपास पूर्ण आली आहे. ती सर्वांना एकाच वेळी गाठते, नवा-जुना मासा असा भेद करत नाही. मासे वर येतात, कारण हवेला लागून असलेल्या पातळ थरातच काय तो प्राणवायू शिल्लक असतो. आणि सर्वांत मोलाची खूण म्हणजे फक्त मासेच कासावीस होत नाहीत: कोळंबी उंच जागा धरते, गोगलगायी काचेवरून पाण्याच्या रेषेपर्यंत चढतात. पाणी हलवले की तासाभराच्या आत सर्वांना उतार पडतो.

व्हेल्वेटची चाल निराळी आहे. अमायलूडिनियम ओसेलाटम नावाचा सूक्ष्म एकपेशीय जीव माशाच्या अंगाला चिकटतो, आणि बहुतेक वेळा त्याची सुरुवात कल्ल्यांपासून होते. तिथे तो मुळांसारखे धागे रुतवून पेशी नासवतो. म्हणजे अंगावर काही दिसण्याच्या आधीच मासा धापा टाकू लागतो, आणि पाहणारा हवेचा पंप शोधायला धावतो. पोसलेला परजीवी माशावरून गळून वाळूत पडतो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत विभागत जाऊन 256 पर्यंत पोहणारी पिल्ले सोडतो, जी पुन्हा मासाच शोधतात. कोमट पाण्यात हे चक्र आठवडाभरात फिरू शकते. म्हणून हा रोग आज एक मासा, परवा तीन, अशा पायऱ्यांनी वाढतो आणि बहुधा नव्याने आणलेल्या माशापासून सुरू होतो.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मी नवा क्रोमिस आणला आणि वेगळ्या टाकीत न ठेवता थेट मुख्य टाकीत सोडला. आठ-नऊ दिवसांनी तो वेव्हमेकरच्या तोंडाशी, झोताच्या ऐन धारेत उभा राहू लागला. मे महिन्याचा अनुभव ताजा असल्यामुळे मी ती प्राणवायूची कमतरता समजलो आणि पंप वाढवला. त्याला थोडे बरे वाटले, यानेच मी फसलो. झोतात उभे राहिल्याने पाणी आपोआप कल्ल्यांतून जाते आणि निकामी होत चाललेल्या कल्ल्यांचे कष्ट कमी होतात, एवढाच त्याचा अर्थ होता. तो दिव्याचा उजेड टाळत होता, खडकाला अंग घासत होता, आणि कोळंबी मात्र खुशाल आपल्या दगडावर मिशा हलवत बसली होती. ती कोळंबी मी पाहायला हवी होती. तिसऱ्या दिवशी दिवे मालवून बॅटरीचा झोत तिरपा टाकला तेव्हा त्याच्या पाठीवर हळदीची पूड भुरभुरावी तशी सोनेरी धूळ दिसली. मिठाच्या कणांसारखे मोजता येतील असे पांढरे ठिपके असते तर तो क्रिप्टोकॅरियॉन, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग ठरला असता, ज्यात सहसा हाताशी थोडा अधिक वेळ असतो.

व्हेल्वेटमध्ये लक्षणे दिसल्यावर दोन-तीन दिवसही मिळतीलच असे नाही. सर्व मासे, वरून निरोगी दिसणारेसुद्धा, प्रवाळ नसलेल्या वेगळ्या टाकीत हलवावे लागतात. तिथे तांब्याचे औषध वेष्टनावरील मात्रेनुसार द्यायचे आणि पाण्यातले तांबे चाचणी-संचाने रोज मोजायचे. तापमान आणि सामू जुळवलेल्या आरओच्या गोड्या पाण्यात पाचेक मिनिटे ठेवल्याने माशाला तात्पुरता आराम मिळतो, पण तो इलाज नव्हे. मुख्य टाकी किमान सहा आठवडे माशांविना ठेवली, तर परजीवीची उपासमार होऊन तो संपतो.

दोन्ही कारणे एकत्रही येतात, आणि तेच सर्वांत अवघड. उन्हाळ्यात पाणी तापले की ज्याचे कल्ले आधीच अर्धे गेले आहेत तो मासा सर्वांच्या आधी वर येतो. म्हणून क्रम असा ठेवावा, की आधी पाणी हलवावे, ते कोणत्याही परिस्थितीत हिताचेच आहे. तासाभराने सगळे सावरले तर प्रश्न हवेचा होता. एक-दोघेच मागे राहिले, तर बॅटरी तिरपी धरून त्यांच्या पाठी पाहाव्यात. गरम पाण्यासाठी टाकीवर पंख्याचा वारा सोडणे आमच्या कोरड्या हवेत चांगले काम करते, मात्र त्याच खोलीत कूलर चालू असेल तर हवा दमट होऊन तो परिणाम घटतो. उडालेल्या पाण्याची भर आरओच्या गोड्या पाण्यानेच करावी, कारण मीठ टाकीतच उरलेले असते.

त्या पावसाळ्यानंतर माझी टाकी सहा आठवडे माशांविना राहिली. आत फक्त प्रवाळ, गोगलगायी आणि ती कोळंबी. वाचलेले दोन क्लाउनफिश परत सोडल्यावर, ते शांत असताना मी घड्याळ लावून मिनिटाला कल्ल्यांची झाकणे किती वेळा उघडतात ते मोजले आणि दोघांचे आकडे भिंतीवरच्या कालदर्शिकेवर लिहून ठेवले. आता दर रविवारी त्याखाली नवा आकडा पडतो.