मधुमेहाचा मनावरचा भार कसा मोजतात?

मधुमेहाच्या रुग्णाची रक्तातील साखर तपासली जाते, गेल्या तीन महिन्यांचा अंदाज देणारे एचबीए१सी तपासले जाते, डोळे आणि मूत्रपिंडेही तपासली जातात. मात्र रोजचे पथ्य, गोळ्या, सुया आणि पुढे काय वाढून ठेवले आहे याची धास्ती यांनी तो किती थकला आहे, हे विचारायचे बहुधा राहून जाते. हा थकवा म्हणजे नैराश्याचा आजार नव्हे. नैराश्याच्या नेहमीच्या प्रश्नावलीत झोप, भूक आणि थकवा यांविषयी विचारतात, पण साखर वाढलेली असली तर रात्री लघवीला उठावे लागूनही झोपमोड होते आणि अंगात त्राणही राहत नाही. त्यामुळे त्या गुणांवरून निदान करताना गफलत होऊ शकते.

मधुमेहामुळेच येणाऱ्या या ताणासाठी विल्यम पोलोन्स्की आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये बोस्टनच्या जॉस्लिन डायबिटीस सेंटरमधील कामातून एक प्रश्नावली मांडली. तिच्या आजच्या रूपात २० प्रश्न आहेत. गुण ० ते १०० मध्ये मांडतात आणि ४० किंवा अधिक गुण म्हणजे गंभीर ताण समजतात. पुढे २००५ मध्ये १७ प्रश्नांची दुसरी मोजपट्टी आली. तिच्यात प्रत्येक उत्तराला १ ते ६ गुण असून भावनिक भार, डॉक्टरांशी असलेले नाते, पथ्य-औषधांची शिस्त आणि आप्तांचा आधार असे चार भाग पडतात. सरासरी ३ किंवा त्याहून जास्त आली तर ताण जास्त, २ पेक्षा कमी आली तर नगण्य.

माझ्या मते खरी काळजी या सरासरीबाबतच घ्यायला हवी. आप्तांच्या आधाराविषयी तीनच प्रश्न आहेत. समजा, एखाद्या बाईने त्या तिन्हींना ५ गुण दिले आणि उरलेल्या चौदांना १, तर बेरीज २९ आणि सरासरी सुमारे १.७ येते. कागदावर तिचा ताण नगण्य ठरतो, प्रत्यक्षात मात्र घरात ती एकटी पडलेली असते. म्हणून प्रत्येक भागाचे गुण वेगळे पाहणे आवश्यक आहे.

या तीन प्रश्नांचा रोखही पाहण्यासारखा आहे, कारण ते आधार कमी पडतो का एवढेच विचारतात. आपल्याकडे पुष्कळदा उलटेच घडते: सणाच्या पंगतीत सगळ्यांचे लक्ष मधुमेह असलेल्याच्या ताटाकडे असते आणि प्रेमापोटी केलेली ती टोकाटोकी त्याला नकोशी होते. टाइप १ मधुमेहासाठी २०१५ मध्ये तयार झालेल्या २८ प्रश्नांच्या मोजपट्टीत घरच्यांच्या अशा अतिकाळजीचाही विचार केला आहे, शिवाय साखर एकाएकी उतरण्याच्या भीतीला स्वतंत्र स्थान दिले आहे.

वेळ अपुरा असेल तर डॉक्टरांना दोनच प्रश्नांनी सुरुवात करता येते: मधुमेहाचे हे सगळे करताना जीव मेटाकुटीला येतो का, आणि पथ्य-औषधे सांभाळण्यात आपण वारंवार कमी पडतो असे वाटते का? उत्तर होकारार्थी आले तर पूर्ण प्रश्नावली भरून घ्यावी आणि ज्या प्रश्नाला सर्वाधिक गुण पडले असतील, तिथूनच रुग्णाशी बोलायला सुरुवात करावी.