पाण्याखालचे जोर आणि गळावरची माशी

कृष्णेत मेलेले मासे तरंगल्याची बातमी सांगलीत अधूनमधून येते. त्यावर ‘वाहतं पाणी आहे, होईल आपोआप स्वच्छ’ असं हमखास ऐकू येतं. हा समज घातक आहे. सांडपाण्यातली घाण कुजवणारे जिवाणू ऑक्सिजन इतक्या झपाट्यानं संपवतात की हवेतून तो तेवढ्या वेगानं विरघळतच नाही. पर्वणीच्या स्नानानंही तो भरून येत नाही. पाण्यातला ऑक्सिजन किती दुर्मीळ असतो, हे मला खरं उमगलं ते मासेमारीसाठी स्टोनफ्लायच्या निम्फची नक्कल, म्हणजे गळावरची ‘माशी’, बांधताना.

स्टोनफ्लाय हा प्लेकोप्टेरा गणातला कीटक. त्याची पाण्यात वाढणारी, पंख न फुटलेली पिल्लं म्हणजे निम्फ. सह्याद्रीच्या ओढ्यांत निओपर्ला प्रजातीचे निम्फ दगडांखाली सापडतात. अंग चपटं, शेपटीला दोन धागे, प्रत्येक पायाला दोन नख्या. कल्ले मात्र छातीखाली, पायांच्या मुळाशी झुपक्यांनी असतात. मेफ्लाय या दुसऱ्या पाणकिड्याच्या निम्फला बहुधा तीन धागे असतात आणि कल्ले पोटाच्या कडांना.

या झुपक्यांवरच मी भाळलो. एक लिटर हवेत सुमारे 280 मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. एक लिटर पाण्यात, ते 10 अंश सेल्सिअसला असेल तर, जेमतेम 11 मिलिग्रॅम आणि 30 अंशाला साडेसातच. त्यातून तो पाण्यात सरकतो फार हळू. विसरणाला, म्हणजे असं आपोआप पसरायला, लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: अंतर दहापट, तर वेळ शंभरपट. कल्ल्याला लगटून पाण्याचा जवळजवळ स्थिर असा पातळ थर असतो. त्यातला ऑक्सिजन शोषला गेला की नवा ऑक्सिजन हा थर ओलांडूनच यावा लागतो. थर निम्मा झाला, तर ऑक्सिजनचा ओघ दुप्पट. संथ, एकसारख्या प्रवाहाचा वेग चौपट झाला की थराची जाडी साधारण निम्मी होते. म्हणून निम्फला खळाळ हवा. ऑक्सिजन कमी पडला की तो पाय रोवून, तालमीतल्या पैलवानासारखा अंग खाली-वर करत जोर काढतो. पाणी हलतं, थर पातळ होतो, श्वास चालू राहतो.

बांधतानाही हेच ध्यानात ठेवायचं. लांब दांडीचा गळ घ्या. शिशाची तार दांडीभोवती गुंडाळू नका, दोन्ही कडांना दांडीच्या लांबीनं बांधा, म्हणजे अंग चपटं होतं आणि माशी तळाशी जाते. शेपटीला बदकाच्या पिसाच्या कडेचे दोन ताठ काटे, नीट फाकवून. पोटाला तपकिरी लोकर, पाठीवर पंखांच्या दोन घड्या, पायांना कोंबड्याचं पीस. छातीखाली फिकट लोकर सुईनं उकरून सैल सोडा. हेच कल्ले, आणि बांधणारे बहुतेक जण नेमकं हेच विसरतात.

निम्फला नीट पोहता येत नाही. दगडावरून सुटला की तो तळालगत वाहत जातो, म्हणून दोरी ओढायची नाही, प्रवाहाबरोबर सोडायची. महसीर मासा कीटक खातो, तेव्हा त्याच्यासाठी ही माशी योग्य. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतात, तिथं गळ टाकू नये. आणि सांगलीच्या बंधाऱ्यामागच्या संथ, कोमट पाण्यात ही माशी टाकण्यात अर्थ नाही. तिथं ज्याची ही नक्कल आहे, तो किडाच जगू शकत नाही.