प्रादेशिक युद्ध व दूरच्या लष्करी युती : कोरियन युद्धाचा दाखला

एका मर्यादित भूभागात लढले गेलेले युद्ध त्या भूभागाशी सीमा, भाषा वा व्यापार यांनी फारशी जोडलेली नसलेली राष्ट्रेही ओढून घेते आणि त्यांचे संरक्षण करार, सैन्यरचना व अंदाजपत्रके बदलून टाकते. या प्रक्रियेचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे १९५०–५३ चे कोरियन युद्ध. लढाई एका द्वीपकल्पात झाली. तिचे सर्वांत टिकाऊ परिणाम मात्र पश्चिम युरोपात, तुर्कस्तानात, पॅसिफिक महासागरात आणि काही अंशी भारतीय उपखंडात दिसले.

२५ जून १९५० रोजी उत्तर कोरियाच्या फौजांनी उत्तर व दक्षिण कोरियाला विभागणारे ३८ वे अक्षवृत्त ओलांडले. चीनच्या जागेवर तैवानमधील सरकारचा प्रतिनिधी बसतो, या कारणासाठी सोव्हिएट संघाने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेवर बहिष्कार घातला होता. त्यामुळे नकाराधिकार वापरायला कोणी उपस्थित नव्हते आणि आक्रमणाचा निषेध करणारा ठराव संमत झाला. त्या महिन्यात परिषदेचे अध्यक्षपद भारताचे बेनेगल नरसिंग राव यांच्याकडे होते. पुढे १६ राष्ट्रांनी अमेरिकी सेनापतीच्या हाताखाली लढाऊ सैन्य पाठवले. सोव्हिएट प्रतिनिधी ऑगस्टमध्ये परत आल्यावर परिषद पुन्हा ठप्प झाली, तेव्हा नोव्हेंबर १९५० मध्ये आमसभेने ‘शांततेसाठी एकजूट’ हा ठराव करून अशा प्रसंगी शिफारशी करण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. तो मार्ग आजही वापरात आहे.

युरोपवरील परिणाम समजून घेताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते : दूरच्या राष्ट्रांना हलवते ते प्रत्यक्ष युद्धापेक्षा त्याचा लावलेला अर्थ. कोरियाप्रमाणे जर्मनीही दुभंगलेली होती आणि तिच्या पूर्व भागात सशस्त्र पोलिसांची पथके उभी राहत होती. सोल शहरावर चाल करण्यास मॉस्कोची संमती असेल, तर उद्या पश्चिम जर्मनीच्या राजधानीची, बॉनची पाळी का येणार नाही, असा प्रश्न पाश्चात्त्य राजधान्यांत उघडपणे विचारला जाऊ लागला. एप्रिल १९४९ मध्ये स्थापन झालेली नाटो ही पाश्चात्त्य राष्ट्रांची लष्करी संघटना तोवर मुख्यतः परस्परांना दिलेले वचन होती. तिला एकत्रित सेनापती नव्हता आणि त्याचे मुख्यालयही नव्हते. डिसेंबर १९५० मध्ये जनरल आयझेनहॉवर यांची सरसेनापती म्हणून नेमणूक झाली आणि एप्रिल १९५१ मध्ये पॅरिसजवळ त्यांचे मुख्यालय सुरू झाले. आशियात युद्ध पेटलेले असताना अमेरिकेने आणखी चार डिव्हिजन युरोपात पाठवण्याचे ठरवले आणि त्यावरून सिनेटमध्ये प्रदीर्घ वाद झाला. या युद्धाचे सारे महत्त्व या एका निर्णयात दिसते, असे म्हणता येईल. शस्त्रसज्जता वाढवण्याची शिफारस करणारा अमेरिकी दस्तऐवज युद्धापूर्वीच तयार होता, पण खर्चाच्या प्रश्नावर अडला होता. कोरियाने तो अडसर दूर केला आणि १९५३ पर्यंत अमेरिकेचा संरक्षण खर्च तिपटीहून अधिक झाला.

पश्चिम जर्मनीच्या हाती पुन्हा शस्त्रे देण्याची मागणी सप्टेंबर १९५० मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डीन ॲचिसन यांनी मांडली. दुसरे महायुद्ध संपून जेमतेम पाच वर्षे झाली होती. जर्मन ताब्याच्या आठवणी ताज्या असलेल्या फ्रान्सने सामाईक युरोपीय सैन्याचा पर्याय सुचवला, पण ऑगस्ट १९५४ मध्ये फ्रेंच संसदेनेच तो करार फेटाळला. अखेर मे १९५५ मध्ये पश्चिम जर्मनी नाटोत दाखल झाली आणि त्याच महिन्याच्या १४ तारखेला सोव्हिएट गटाने वॉर्सा करार करून स्वतःची लष्करी युती उभारली.

तुर्कस्तानची कथा वेगळी आहे. नाटोचे दार बंद असताना त्याने सुमारे ५,००० सैनिकांची ब्रिगेड कोरियात धाडली आणि नोव्हेंबर १९५० मध्ये उत्तर कोरियातील कुनू-री येथे तिने जबर हानी सोसली. फेब्रुवारी १९५२ मध्ये ग्रीससह तुर्कस्तानला सदस्यत्व मिळाले. त्याच्या मोक्याच्या स्थानाचे महत्त्व होतेच, पण अनातोलियातील शेतकऱ्यांच्या मुलांनी मोजलेली किंमतही या निर्णयामागे होती.

पॅसिफिकमध्ये १९५१ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात अमेरिकेने फिलिपीन्स, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड आणि जपान यांच्याशी संरक्षण करार केले; १९५३ मध्ये दक्षिण कोरियाशी व १९५४ मध्ये तैवानशी केले. हीच साखळी पश्चिमेकडे वाढत उपखंडात पोहोचली. मे १९५४ मध्ये पाकिस्तानशी लष्करी मदतीचा करार झाला आणि त्याने काश्मीर प्रश्नाचा संदर्भच बदलला, अशी भूमिका पंडित नेहरूंनी घेतली. कोरियाच्या आकाशात नावारूपाला आलेली सेबर विमाने आणि पॅटन रणगाडे १९६५ मध्ये भारतीय जवानांसमोर उभे ठाकले, ते याच मदतीतून.

युती धाकट्या राष्ट्रांना संरक्षण देते, तशी ती थोरल्या राष्ट्राचा हातही धरते. ३० नोव्हेंबर १९५० रोजी अध्यक्ष ट्रुमन यांच्या पत्रकार परिषदेतून अणुबॉम्ब वापराचा विचार चालू असल्याचा अर्थ निघाला, तेव्हा ब्रिटनचे पंतप्रधान ॲटली काही दिवसांतच वॉशिंग्टनला पोहोचले. त्याआधी ऑक्टोबरच्या प्रारंभी चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी मध्यरात्री भारताचे राजदूत के. एम. पणिक्कर यांना बोलावून, अमेरिकी सैन्याने ३८ वे अक्षवृत्त ओलांडल्यास चीन युद्धात उतरेल, असा इशारा दिला होता. वॉशिंग्टनने तो मानला नाही. चिनी फौजा चीन-कोरिया सीमेवरील यालू नदी पार करून आल्या आणि युद्ध आणखी पावणेतीन वर्षे लांबले. गटाबाहेरच्या राष्ट्राचा निरोप गटातल्यांना अविश्वसनीय वाटावा, याची किंमत फार मोठी ठरली.

भारताने लढाऊ सैन्य पाठवले नाही. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखाली ६० वी पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स ही वैद्यकीय तुकडी पाठवली. २७ जुलै १९५३ च्या शस्त्रसंधीनंतर मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या सुमारे २२ हजार युद्धकैद्यांचा ताबा भारतीय दलाकडे आला. या कैद्यांच्या परतीचा प्रश्न हाताळणाऱ्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या होते आणि दलाचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव थोरात हे मराठी सेनानी होते. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाय ठेवू देण्यास नकार दिल्यामुळे त्यांना जहाजांवरून हेलिकॉप्टरने दोन्ही कोरियांमधील निर्लष्करी पट्ट्यात न्यावे लागले. दोन्ही बाजूंचा रोष पत्करून हे काम पार पडले. कोणत्याच कोरियात वा चीनमध्ये जाऊ न इच्छिणारे ८८ कैदी १९५४ मध्ये दलाबरोबर भारतात आले.

शस्त्रसंधीनंतर शांतता करार झालाच नाही. रशियाने फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर केलेल्या आक्रमणानंतर हाच धागा उलट दिशेने ओढला गेला. त्या वर्षी जूनमध्ये माद्रिद येथील नाटोच्या शिखर परिषदेला दक्षिण कोरिया व जपान यांचे नेते प्रथमच हजर राहिले. जून २०२४ मध्ये रशिया व उत्तर कोरियाने परस्पर संरक्षणाचा करार केला आणि त्याच वर्षी उत्तर कोरियाचे सैनिक रशियाच्या कुर्स्क प्रांतात लढण्यासाठी पोहोचले.