पोस्टर सादरीकरण (संशोधन परिषदांतील)

शोधनिबंध व्यासपीठावरून न वाचता त्यातील आकृत्या, तक्ते व निष्कर्ष एका मोठ्या कागदावर मांडून तो फलकावर लावणे आणि संशोधकाने शेजारी उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी चर्चा करणे, अशी ही पद्धत. जीवरसायनशास्त्राच्या परिषदांत ती प्रथम स्थिरावली. आज वैद्यक, कृषी, अभियांत्रिकी, मानसशास्त्र इ. शाखांत ती निबंधवाचनाच्या बरोबरीने रूढ आहे.

तिच्या उगमाविषयी एकमत नाही. अमेरिकेत हा मान सामान्यतः मिनीॲपोलिस येथे १९७४ मध्ये भरलेल्या जीवरसायन व जीवभौतिकी यांच्या संयुक्त अधिवेशनाला दिला जातो. सायन्स या साप्ताहिकाने त्याच वर्षी या प्रकाराची ‘नवा’ म्हणून दखल घेतली, त्यामुळे ही समजूत पक्की झाली असावी. यूरोपीय जीवरसायन संस्थांच्या महासंघाच्या अधिवेशनांत मात्र पोस्टर त्याआधीच लागत होते असे दिसते. १९६९ च्या माद्रिद अधिवेशनाकडे बोट दाखवणारे मत त्यामुळे अधिक ग्राह्य वाटते. अमेरिकेत ही पद्धत यूरोपातूनच गेली असावी. याहून मागे जायचे, तर लंडनच्या रॉयल सोसायटीच्या एकोणिसाव्या शतकातील सायंसंमेलनांत शास्त्रज्ञ आपली उपकरणे व नमुने मांडून पाहुण्यांना समजावून देत. पण तिथे निबंध निवडीचा प्रश्न नव्हता, तेव्हा तो धागा थेट जोडणे धाडसाचे होईल.

ही पद्धत रुजण्याचे कारण व्यवहारी होते. परिषदांकडे येणाऱ्या गोषवाऱ्यांची संख्या वाढली. दहा-दहा मिनिटांची भाषणे अनेक दालनांत एकाच वेळी ठेवूनही वेळ पुरेना. पोस्टरमुळे एका सभागृहात शेकडो निबंध एकदम मांडता येऊ लागले. आरंभीचे पोस्टर म्हणजे टंकलिखित पाने आणि छायाचित्रे टाचण्यांनी ओळीने लावलेली असत. मोठ्या आकाराचे इंकजेट छपाईयंत्र आल्यावर सलग एका कागदाचा पोस्टर शक्य झाला. ए-शून्य (८४१ × ११८९ मिमी.) हा आकार आंतरराष्ट्रीय परिषदांत नेहमीचा, भारतात बहुधा फ्लेक्सवर छापून घेतात, तो गुंडाळीतून काढल्यावर कडा वळतात आणि खाली चिकटपट्टी लावावी लागते. फलकावर आयोजकांनी दिलेला क्रमांक असतो. विषम क्रमांकांनी पहिला तास व सम क्रमांकांनी दुसरा तास उभे राहावे, अशी वाटणी अनेक ठिकाणी करतात. त्यामुळे शेजाऱ्याचे काम पाहायलाही सवड मिळते.

मांडणीचा जुना साचा निबंधाचाच आहे : प्रस्तावना, पद्धती, निष्कर्ष, संदर्भ. बारीक अक्षरांत अख्खा निबंध उतरवणे हा त्यातला सर्वांत सामान्य दोष. मानसशास्त्राचे अमेरिकी संशोधक माइक मॉरिसन यांनी २०१९ मध्ये सुचवलेल्या मांडणीत मुख्य निष्कर्ष साध्या भाषेत मधोमध ठळक अक्षरांत येतो, तपशील कडेच्या अरुंद पट्टीत जातो आणि पूर्ण निबंध क्यूआर कोडमागे राहतो. ती झपाट्याने पसरली. मात्र पुराव्याची आकृतीच कडेला ढकलली जाते, हा त्यावरचा आक्षेप रास्त आहे.

पोस्टरला भाषणापेक्षा दुय्यम मानण्याची प्रवृत्ती बरीच आढळते. ‘निबंध पोस्टरमध्ये गेला’ हे वाक्य सहसा हळहळीने उच्चारले जाते. वस्तुतः सत्राध्यक्षाच्या घंटेआधी मिळणाऱ्या एखाद्या प्रश्नापेक्षा पोस्टरपुढे दहा मिनिटे थांबलेला जाणकार अधिक उपयोगी पडतो. महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या ‘आविष्कार’ या संशोधन स्पर्धेत पोस्टर हा ठरलेला टप्पा आहे.

इतिहास, भाषा, साहित्य या विषयांत पद्धत तुरळकच आहे. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाच्या (स्थापना १९१०) सभांपासून १९१९ मध्ये पुण्यातच भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेपर्यंत परंपरा निबंधवाचनाची राहिली. ताम्रपटाच्या वाचनावरील वादात एकेका अक्षरावर परिच्छेद खर्ची पडतो. ताम्रपटावरून घेतलेल्या ठशाचे चित्र फलकावर लावता येते, युक्तिवाद मात्र तोंडीच करावा लागतो.